छातीतला दुसरा रक्तदाब : हृद्रोग्यांच्या तपासणीविषयी एक विचार

'रक्तदाब' हा शब्द आज खेड्यापाड्यांतही सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. दंडाभोवती पट्टा गुंडाळून डॉक्टर जे दोन आकडे सांगतात, त्यांवरून माणूस आपल्या प्रकृतीचा अदमास घेतो आणि निश्चिंत तरी होतो किंवा पथ्याला तरी लागतो. परंतु शरीरात रक्ताभिसरणाची दोन चक्रे आहेत आणि दंडावरचा पट्टा त्यांपैकी एकाच चक्राचा दाब सांगतो, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात असते. दुसरे चक्र छातीच्या आतच पूर्ण होते. त्याचा दाब बाहेरून कोणत्याही पट्ट्याने मोजता येत नाही. हृद्रोग झालेल्या माणसाचे पुढील आयुष्य कसे जाईल, हे मात्र पुष्कळदा ह्या दुसऱ्या दाबावरच ठरत असते.

हृदयाची डावी बाजू शुद्ध रक्त सर्व शरीरभर ढकलते. उजवी बाजू शरीरातून परत आलेले रक्त फुफ्फुसांकडे धाडते. डाव्या बाजूला मस्तकापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत रक्त पोचवावयाचे असल्यामुळे तिच्या भिंती जाड असतात आणि तिने निर्माण केलेला दाबही मोठा असतो. उजव्या बाजूला शेजारच्याच फुफ्फुसांत रक्त पाठवावयाचे असते, म्हणून तिच्या भिंती पातळ असतात. निरोगी माणूस स्वस्थ पडला असता फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रोहिणीतील सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारे १४ मिलिमीटरइतका असतो. शरीराच्या मुख्य रोहिणीत तोच दाब सरासरी ९० च्या आसपास असतो. फुफ्फुस-रोहिणीतील दाब वाढला म्हणजे हलक्या कामासाठी घडलेल्या उजव्या निलयावर अवजड ओझे पडते. काही काळ ते जाड होऊन हे ओझे वाहते. पुढे ते फुगते, थकते आणि अखेर हार खाते. ह्या विकाराला फुफ्फुसी अतिरक्तदाब असे म्हणतात.

किती दाब झाला म्हणजे त्यास विकार म्हणावे, ह्याविषयी शास्त्रज्ञांचे मत कालानुसार बदलत आले आहे. १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या जिनीव्हा येथील बैठकीनंतर २५ मिलिमीटर ही मर्यादा रूढ झाली. २०१८ साली नीस येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने ती २० वर आणली आणि २०२२ सालच्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी तिला मान्यता दिली. मर्यादा खाली आणण्याचे कारण सरळ आहे. दाब थोडासाच वाढलेला असला तरी त्याचे परिणाम रुग्णाच्या आयुष्यावर होतात, हे दरम्यानच्या काळात दिसून आले होते.

हा दाब वाढण्याची कारणे अनेक असली तरी सर्वांत अधिक आढळणारे कारण फुफ्फुसांत नसून हृदयाच्या डाव्या बाजूत असते. पाटाच्या खालच्या टोकाचे दार अरुंद केले तर पाणी मागे तुंबते, तसेच येथे होते. फुफ्फुसांतून निघालेले रक्त डाव्या अलिंदात येते आणि द्विदली झडपेतून डाव्या निलयात उतरते. झडप आकसली किंवा निलय कमकुवत अथवा ताठर झाले, तर रक्त मागे साचते आणि त्याचा दाब फुफ्फुसांतून उलट उजव्या बाजूपर्यंत पोचतो. पाश्चात्त्य देशांत ताठर निलयाचे वृद्ध रुग्ण अधिक दिसतात. भारतात त्यांच्या जोडीला आमवाती हृद्रोगाचे रुग्णही आहेत. शाळकरी वयात घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात आणि घरचे लोक ते दुखणे विसरून जातात. पुढे काही वर्षांनी त्याच मुलाची किंवा मुलीची द्विदली झडप आकसलेली आढळते. कित्येक स्त्रियांच्या बाबतीत तर हे पहिल्या गरोदरपणात, रक्ताचे प्रमाण वाढून श्वास कोंडू लागल्यावरच कळते. फुफ्फुसी अतिरक्तदाब असलेल्या स्त्रीला गर्भारपण व बाळंतपण अतिशय धोक्याचे असल्यामुळे असा उशीर तिच्या प्राणावर बेतू शकतो.

दुसरे कारण जन्मजात असते. हृदयाच्या दोन बाजूंमधील पडद्यास मोठे छिद्र असले, तर डाव्या बाजूचे जोरदार रक्त उजवीकडे घुसते आणि फुफ्फुसांच्या नाजूक वाहिन्यांवर आदळत राहते. त्या हळूहळू जाड व अरुंद होतात. एका मर्यादेपलीकडे हा बदल परत फिरत नाही. रक्ताचा प्रवाह उलटा होऊन ओठ व नखे निळसर दिसू लागतात. व्हिक्टर आयझेनमेंगर ह्या ऑस्ट्रियन वैद्याने १८९७ साली अशा एका रुग्णाचे वर्णन केले, म्हणून ही अवस्था त्याच्या नावाने ओळखली जाते. त्या अवस्थेत छिद्र बुजवणे हेच प्राणघातक ठरू शकते. जे छिद्र बालपणी बुजवले असता मूल निरोगी आयुष्य जगले असते, तेच छिद्र काही वर्षांनंतर शल्यवैद्याला हात लावता येत नाही असे होऊन बसते.

आता ह्या विकाराची लक्षणे पाहिली, तर जिना चढताना लागणारी धाप, लवकर येणारा थकवा, पायांवरची सूज, क्वचित येणारी मूर्च्छा अशी ती आहेत. ह्यांतील एकही लक्षण असे नाही, की ज्याचा दोष वयाला, दम्याला, रक्तक्षयाला किंवा कामाच्या दगदगीला देता येणार नाही. आधीच हृद्रोग असलेल्या माणसाच्या बाबतीत तर ही फसगत अधिकच होते. धाप लागली तर ती मूळ रोगाचीच, असे मानून रुग्ण व त्याचे आप्त स्वस्थ राहतात. म्हणून लक्षणांची वाट न पाहता ह्या दाबाचा शोध घेण्याचे साधन हवे.

असे साधन प्रथम मिळाले ते धाडसाने. १९२९ साली वेर्नर फोर्समान ह्या जर्मन डॉक्टराने स्वतःच्याच हाताच्या नीलेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेली आणि क्ष-किरणांनी त्याचे चित्र काढून घेतले. पुढे न्यूयॉर्क येथे आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स ह्यांनी ही नळी उजव्या हृदयात नेऊन दाब मोजण्याची पद्धत सिद्ध केली. ह्या तिघांना १९५६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. फुफ्फुस-रोहिणीतील दाबाचे निर्णायक मोजमाप आजही ह्याच पद्धतीने होते. परंतु त्यासाठी विशेष सज्ज दालन, क्ष-किरण यंत्र आणि कुशल हात लागतात. प्रत्येक हृद्रोग्याची अशी तपासणी दरवर्षी करणे शक्यही नाही आणि इष्टही नाही.

ही अडचण ध्वनीने दूर केली. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर हे वैद्य आणि हेल्मुट हर्ट्झ हे पदार्थवैज्ञानिक ह्यांनी १९५३ साली, धातूतील दोष शोधण्यासाठी कारखान्यांत वापरले जाणारे श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र हृदयाकडे वळवले. आकसलेली द्विदली झडप शस्त्रक्रियेपूर्वी कशी ओळखावी, हाच प्रश्न एडलर ह्यांच्या मनात होता. सेकंदाला वीस ते पन्नास लक्ष कंपने असलेला, मानवी कानास ऐकू न येणारा हा ध्वनी छातीतून आत जातो, हृदयाच्या भिंतींवरून व झडपांवरून परततो आणि त्या प्रतिध्वनीतून हलत्या हृदयाचे चित्र पडद्यावर उमटते. रुग्णालयांत ह्यालाच 'इको' म्हणतात. त्यात सुई नाही, क्ष-किरण नाहीत, वेदनाही नाही.

चित्रावरून दाब कसा कळावा? ह्याचे उत्तर दोन जुन्या सिद्धांतांनी दिले. १८४२ साली क्रिस्टियान डॉप्लर ह्याने प्राग येथे असे दाखवले, की तरंगांचा उगम जवळ येत असेल किंवा दूर जात असेल तर तरंगांची वारंवारता बदललेली भासते. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी तीव्र आणि दूर जाणाऱ्या गाडीची खालच्या स्वरात ऐकू येते, ती ह्याच कारणाने. रक्तपेशींवरून परतलेल्या ध्वनीचा स्वर किती बदलला, ह्यावरून रक्ताचा वेग कळतो. वेगावरून दाब काढण्याची किल्ली दानियल बर्नुली ह्याने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या द्रवांच्या शास्त्रात आहे. बागेतील नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला असता पाण्याची चिळकांडी जितक्या वेगाने उडते, तितका आतला दाब अधिक असतो.

हृदयात अशी चिळकांडी निसर्गतःच उडत असते. उजव्या निलयाच्या तोंडाशी असलेली त्रिदली झडप बहुतेक माणसांत थोडीशी गळते. त्या गळतीचा वेग मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा आणि त्यास चाराने गुणावे, म्हणजे उजवे निलय व उजवे अलिंद ह्यांच्या दाबांतील अंतर पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मिळते. वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर अंतर ३६. वेग ४ मीटर असेल तर ६४. त्यात अलिंदातील दाब मिळवला, की निलयाच्या आकुंचनाच्या वेळचा दाब हाती येतो. फुफ्फुस-रोहिणीच्या तोंडाची झडप आकसलेली नसेल, तर त्या रोहिणीतील आकुंचनकालीन दाबही तोच असतो. नॉर्वेतील संशोधकांनी १९७० च्या दशकात द्विदली झडपेच्या बाबतीत ही रीत वापरली होती. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील पॉल यॉक आणि रिचर्ड पॉप ह्यांनी १९८४ साली ती त्रिदली झडपेच्या गळतीला लावून दाखवली. शाळेतील विद्यार्थ्यास करता येईल इतक्या सोप्या गुणाकाराने छातीतील लपलेला दाब दारापर्यंत आला.

तथापि येथेच विवेकाची गरज आहे. न्यायशास्त्रात प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन भिन्न प्रमाणे मानली आहेत. डोंगरावर धूर दिसला तर तेथे अग्नी असावा, हे अनुमान झाले. जवळ जाऊन अग्नी पाहणे हे प्रत्यक्ष होय. नळीने मोजलेला दाब प्रत्यक्षाच्या जातीचा आहे, तर ध्वनिचित्रावरून काढलेला दाब अनुमानाच्या. गळतीची धार आणि ध्वनीची किरणरेषा एका ओळीत नसतील तर वेग खरा असतो त्याहून कमी दिसतो. वेगाचा वर्ग करावयाचा असल्यामुळे लहानशी चूक मोठी होते. काही रुग्णांत गळती इतकी अल्प असते की ती मोजताच येत नाही. उलट झडप अतिशय गळत असेल तर हे गणितच लागू पडत नाही. अलिंदातील दाब हाही यकृताजवळच्या महानीलेची रुंदी पाहून केलेला अंदाजच असतो.

म्हणूनच युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे ध्वनिचित्रावरून 'विकार आहे' किंवा 'नाही' असा निकाल देत नाहीत. ती संभाव्यता सांगतात. गळतीचा वेग २.८ मीटर किंवा त्याहून कमी असून अन्य खुणा नसतील तर संभाव्यता अल्प, २.९ ते ३.४ असेल तर मध्यम, ३.४ च्या वर असेल तर अधिक. अन्य खुणा म्हणजे उजवे निलय फुगलेले असणे, मधला पडदा डावीकडे रेटला जाऊन डावे निलय चपटे दिसणे, फुफ्फुस-रोहिणी रुंदावणे इत्यादी. वेग अल्प असूनही ह्या खुणा ठळक असतील, तर संशय कायम ठेवावयाचा असतो.

ह्यावरून दोन परस्परविरुद्ध मते मांडली जातात. काहींचे म्हणणे असे, की जे साधन केवळ अंदाज देते त्याच्या आकड्यास फार महत्त्व देऊ नये. दुसऱ्यांना वाटते, की इको झाला म्हणजे सर्व कळले. नळीची तपासणी हा निष्कारण खर्च होय. ही दोन्ही मते रुग्णाच्या हिताची नाहीत. अनुमानाचे काम शंका उत्पन्न करणे हे आहे आणि ती शंका प्रत्येक हृद्रोग्याच्या बाबतीत विचारली गेली पाहिजे. निर्णयाचे काम प्रत्यक्षाचे आहे. जेथे शस्त्रक्रिया किंवा औषध त्या दाबावर अवलंबून असेल आणि चित्रांवरून उलगडा होत नसेल, तेथे नळीचा आधार घेतल्यावाचून राहू नये. दाब मागे तुंबल्यामुळे वाढला आहे की फुफ्फुसांच्या वाहिन्याच अरुंद झाल्या आहेत, ह्याचा पक्का निवाडा नळीच करते. ह्या फरकाचे महत्त्व केवळ पुस्तकी नाही. वाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णास उपकारक असणारी औषधे, डाव्या हृदयाच्या विकाराने दाब वाढलेल्या रुग्णास देऊ नयेत, असे ती मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात. कारण दार बंदच ठेवून पाटात अधिक पाणी सोडल्याने पूर वाढतो.

बंगळूर शहराकडे पाहिले असता ह्या प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानात येते. तेथील श्री जयदेव हृद्रोग विज्ञान व संशोधन संस्था ही कर्नाटक शासनाची स्वायत्त संस्था असून देशातील मोठ्या हृद्रोग रुग्णालयांत तिची गणना होते. आकसलेली द्विदली झडप छाती न उघडता फुग्याने रुंद करण्याची जी पद्धत जपानी शल्यवैद्य कांजी इनोउए ह्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केली, ती तेथे फार मोठ्या संख्येने वापरण्यात आली आहे. झडप वेळेवर उघडली म्हणजे मागे तुंबलेला दाबही बहुधा उतरतो. तात्पर्य, यंत्रे, तज्ज्ञ आणि उपाय ह्यांपैकी कशाचीही त्या शहरात वाण नाही. वाण आहे ती त्या शहरापर्यंत पोचण्याच्या वेळेची. बेळगाव तेथून सुमारे पाचशे किलोमीटरांवर आहे आणि बिदर त्याहूनही दूर. जयदेव संस्थेच्या शाखा म्हैसूर व कलबुर्गी येथे निघाल्याने हे अंतर काही अंशी कमी झाले. तरी तालुक्याच्या गावी धाप लागलेल्या माणसाच्या छातीवर ध्वनियंत्र कधी ठेवले जाईल, हा प्रश्न उरतोच.

शेजारच्या केरळातील अनुभव येथे उद्बोधक आहे. तेथील पन्नास रुग्णालयांनी मिळून फुफ्फुसी अतिरक्तदाबाच्या सुमारे दोन हजार नव्या रुग्णांची नोंद केली. त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्णांत विकाराचे मूळ हृदयाच्या डाव्या बाजूत होते आणि नळीने दाब मोजलेले रुग्ण फारच थोडे होते. भारतात निदानाचा सारा भार ध्वनिचित्रावरच पडतो आहे, असा ह्याचा अर्थ होतो. ज्याच्यावर एवढा भार टाकावयाचा, ते चित्र तरी काळजीपूर्वक काढले आणि लिहिले गेले पाहिजे.

आज पुष्कळ अहवालांत डाव्या निलयाची ताकद टक्केवारीत दिलेली असते आणि उजव्या बाजूविषयी 'ठीक' एवढाच शब्द असतो. हा एक शब्द कित्येकदा वर्षांचा उशीर घडवून आणतो. हृद्रोग्याच्या प्रत्येक अहवालात त्रिदली झडपेच्या गळतीचा वेग, उजव्या निलयाचा आकार व जोर आणि त्यांवरून काढलेली संभाव्यता ह्या तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात. गळती मोजता आली नसेल तर तसे नमूद करावे. न मोजलेला दाब आणि निरोगी दाब ह्यांत मोठे अंतर आहे. ह्यासाठी नवे यंत्र लागत नाही. डॉप्लरची सोय असलेले जे यंत्र डावी बाजू दाखवते, तेच उजवीही दाखवते. यंत्र धरणाऱ्या हातास काही मिनिटे अधिक आणि थोडे शिक्षण मात्र लागते.

ह्यावर असा आक्षेप घेता येईल, की अशाने अनेक निरोगी माणसांच्या मनात नसती भीती उत्पन्न होईल. सरसकट सर्व लोकांची तपासणी करावी असे कोणी म्हणत असेल, तर हा आक्षेप बरोबर आहे; वयाबरोबर हा दाब थोडा वाढतोच. पण येथे मागणी आहे ती हृद्रोग ठरलेल्या, हृदयात छिद्र आढळलेल्या किंवा कारण न सापडता धाप लागणाऱ्या माणसांपुरती. ज्याचे इको होणारच आहे, त्याची अर्धीच बाजू पाहून त्याला घरी पाठवण्यात काटकसर नाही.

दुसरा प्रश्न अंतराचा. ह्या शतकाच्या आरंभी इस्रोने उपग्रहाच्या साहाय्याने चामराजनगरच्या जिल्हा रुग्णालयाची सांगड बंगळूरच्या नारायण हृदयालयाशी घालून दिली होती. रुग्णाने प्रवास करण्याऐवजी त्याच्या तपासणीची चित्रे प्रवास करू शकतात, हे तेव्हाच सिद्ध झाले. आज त्यासाठी उपग्रहाचीही गरज राहिलेली नाही. जिल्ह्यात काढलेले चित्र त्याच दिवशी शहरातील तज्ज्ञाने पाहावे आणि कोणास नळीच्या तपासणीसाठी बोलवावयाचे ते ठरवावे, ही व्यवस्था नित्याची झाली पाहिजे.

शाळांचाही येथे वाटा आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातील पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि जन्मजात हृद्रोग व आमवाती हृद्रोग हे दोन्ही त्यात समाविष्ट आहेत. मैदानावर इतरांच्या मागे पडणारे, वरचेवर खोकल्याने आजारी पडणारे किंवा ओठ निळसर दिसणारे मूल शिक्षकाच्या नजरेस आधी येते, डॉक्टरांच्या मागाहून. घसा दुखून ताप आल्यावर सांधे सुजलेल्या मुलाला 'वाढीचे दुखणे' म्हणून घरी बसवू नये. आमवातज्वर ठरला तर ठरावीक काळाने पेनिसिलीन देत राहून झडपांची पुढील हानी टाळता येते.

आणि ज्यांच्या घरी हृद्रोगी आहे त्यांनी दोन साध्या गोष्टी कराव्यात. जुने सर्व इको-अहवाल तारखेवार एका ठिकाणी ठेवावेत; कारण एका वर्षीच्या आकड्यापेक्षा दोन वर्षांच्या आकड्यांतील फरक अधिक बोलका असतो. आणि नवा अहवाल हाती आल्यावर डॉक्टरांना विनयाने विचारावे, की फुफ्फुसांकडील दाब किती दिसतो आणि मागील वेळेपेक्षा तो वाढला आहे काय. हा प्रश्न विचारण्यात कोणाचाही अधिक्षेप नाही. दंडावरचा दाब किती, हे विचारण्याची सवय समाजाला एका पिढीत लागली. छातीतल्या दुसऱ्या दाबाविषयी विचारण्याची सवयही तशीच लावून घेता येईल.